पाठीवरचं नाव बघितलंत, कान बघितला नाही

आज दुपारी गिरणी बंद करून जेवायला बसलो, मोबाईल उघडला आणि घास हातातच राहिला. बेळगाव भागातल्या आमच्या गावच्या पोरीचा फोटो कुणीतरी टाकलेला. १५ वर्षांची पोरगी, राज्य शालेय कुस्तीत ४६ किलो वजनगटात पहिली आली, आता राष्ट्रीय स्पर्धेला निघालीय. नवा ट्रॅकसूट घालून पाठमोरी उभी आहे आणि मान वळवून हसतेय. पाठीवर 'कर्नाटक' लिहिलंय. खाली चार जणांचं अभिनंदन. बाकी काय, तर 'लाज नाही वाटली?', 'हुतात्म्यांना विसरलात', 'पदकासाठी विकले गेले'. लिहिणारे परके नव्हेत, आपलेच. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून माझ्या शेजारनं फेरीत चालणारे.

फोटो जरा मोठा करून तिचा डावा कान बघा. वरची पाळी सुजून घट्ट झालीय, आत वळलीय. डोकं घासून घासून कान असा होतो. आत रक्त साकळतं, सुईनं काढतात, दोन दिवसांत परत साकळतं. त्या कुशीवर झोपता येत नाही, केस विंचरताना डोळ्यात पाणी येतं. माझे दोन्ही कान तसेच आहेत म्हणून सांगतोय. कुठल्या राज्यासाठी कान फुटला म्हणून त्या पोरीला विचारणार आहात तुम्ही?

मला १९९१ साल आठवलं. विसरलो कधी होतो म्हणा. मी १७ वर्षांचा होतो. जिल्ह्याची निवड जिंकलो होतो, चार दिवसांनी राज्याची चाचणी होती. आणि बाबांनी सांगितलं, जायचं नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बाबांनी लाठ्या खाल्लेल्या. पावसाळ्यात त्यांचा उजवा खांदा वर जायचा नाही, आई सदरा घालून द्यायची. ते म्हणाले, "ज्यांनी मारलं त्यांचं नाव पाठीवर घालून खेळणार व्हय तू?" मी काय बोलणार?

संध्याकाळी वस्ताद आले. आमचे वस्ताद घरी कानडी बोलायचे आणि तालमीत मराठी. खरं कुस्ती रंगात आली की त्यांना भाषेचं भान राहायचं नाही. "पट काढ, पट काढ" म्हणता म्हणता "हिडी, हिडी, बिडब्याड!" ओरडायचे. धर, सोडू नको. आम्ही मराठी पोरं त्या एका शब्दावर खाली आलेल्या गड्याला सोडायचो नाही. तर वस्ताद आले आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बाबांनी चहा दिला. दोघं पावसाचं बोलले, उसाचं बोलले. माझ्या खेळाचं एक अक्षर नाही. दिवेलागण झाली तसे वस्ताद उठले, पुडकं कट्ट्यावर ठेवलं आणि गेले.

आत लाल कॉस्च्युम होता. दुसऱ्या पोराकडनं मागून आणलेला, धुऊन घडी घातलेला. माझ्याकडं नव्हता ना. आमच्यात लंगोटावर मातीत खेळायची सवय, मॅटला कॉस्च्युम लागतो. सकाळी बाबांनी मलाच तो परत द्यायला पाठवलं.

मातीची कुस्ती कमी आहे असं माझं म्हणणं नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात हलगी लागली की आजही माझ्या मांड्या थरथरतात. हौदातली माती कशी तयार होते ते माझ्या हातांना ठाऊक आहे. तेल, ताक, हळद, लिंबू घालून पायानं तुडवलेली माती. घोंगडी वाळूत ओढल्यासारखी ती अंगाला लागते आणि आंघोळ झाली तरी वास जात नाही. खरं मैदानी कुस्ती आज कुठं उरलीय? नंबर एकच्या कुस्तीला हरियाणा, पंजाबचा गडी आणायचा, त्याला बिदागी द्यायची, आणि आमच्या पोरांच्या जोडी उन्हात उरकून घ्यायच्या. मुलींची कुस्ती तर अंधार पडायला लागला की लावतात, तीही 'प्रदर्शनीय' म्हणून. ही पोरगी गेल्या वर्षी एका यात्रेत सव्वा मिनिटात चीतपट करून आली. इनाम काय दिलं? साडी. १४ वर्षांच्या पैलवानाला साडी! तिला दूध पाहिजे, बदाम पाहिजेत, मॅटचे बूट पाहिजेत. तेव्हा आज कॉमेंट करणाऱ्यांपैकी दोघं स्टेजवर फेटा बांधून बसले होते. मीही होतो तिथं आणि गप्प बसलो, हेही लिहून टाकतो.

म्हणे महाराष्ट्राकडनं खेळायचं होतं. कुठनं? महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, तिथं महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचे संघ उतरतात. आपला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तुम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे. शालेय स्पर्धेत शाळा ज्या राज्यात त्या राज्याकडनं उतरावं लागतं. पोरगी इथं जन्मली, इथल्या मराठी शाळेत शिकली, हा तिचा गुन्हा? कोल्हापूरला ठेवा म्हणाल. ठेवायची ऐपत आहे त्यांच्या घरची? बाप उद्यमबागेत फाउंड्रीत साचे भरतो. आई दोन म्हशींवर घर चालवते आणि त्यातलंच अर्धा लिटर पोरीला काढून ठेवते.

अन्याय झालाय. होतोय. फलक, कागदपत्रं, ऑफिसात मराठी बोललं की तोंड फिरवणं, सगळं मी भोगलंय. त्याबद्दल वाद नाही.

खरं एक हिशेब मांडतो, जरा शांतपणे वाचा. महाराष्ट्रानं सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात दावा लावला २००४ साली. त्याच वर्षी अथेन्सला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायकांची कुस्ती झाली. त्यानंतर २००८, २०१२, २०१६, टोकियो, पॅरिस. अथेन्स धरून सहा ऑलिंपिक झाली. साक्षी मलिक रिओहून ब्राँझ घेऊन आली. विनेश पॅरिसला फायनलला पोचून १०० ग्रॅमनं बाहेर गेली, त्या दिवशी माझी गिरणी चालली नाही. इतकं सगळं होऊन गेलं आणि दावा तिथंच आहे. ही पोरगी जन्मली तेव्हा दाव्याला काही वर्षं होऊन गेली होती. लागेल निकाल, आपल्या बाजूनं लागेल, मी त्याच आशेवर आहे. पैलवानाचं वय तोवर थांबतं का? १५ ते २५, फार फार तर २८. एकदा गुडघा गेला की संपलं. माझा २४ व्या वर्षी गेला.

आणि खाशाबा जाधव. १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ मिळालं तेव्हा त्यांचं कऱ्हाड आणि आपलं बेळगाव एकाच मुंबई राज्यात होतं. ते आपले म्हणून आपण फोटोला हार घालतो. घालायलाच पाहिजे. बेळगावच्या एका पोरीनं ब्राँझ आणलं तर तिचा फोटो कुठं लावणार? की आधी ट्रॅकसूट बघणार?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तुम्ही वाईट माणसं नाही, मला ठाऊक आहे. बाबाही वाईट नव्हते. त्यांच्या खांद्याला जे दुखत होतं ते खोटं नव्हतं. मी त्यांच्यावर रागावलो, दोन वर्षं नीट बोललो नाही, पुढं गावोगावच्या मातीत खेळत राहिलो. शेवटच्या आजारपणात एका रात्री मी त्यांचे पाय चेपत होतो. डोळे मिटलेलेच होते. एकदम म्हणाले, "त्या वेळी गेला असतास तर निवडला गेला असतास काय रे?" मी म्हटलं, माहीत नाही बाबा. ते म्हणाले, "वस्ताद म्हणत होते जाईल म्हणून." म्हणजे त्या संध्याकाळी कट्ट्यावर दोघांचं माझ्याबद्दल काहीतरी बोलणं झालं होतं. मी आतनं कान देऊन ऐकत होतो, तरी मला ऐकू आलं नव्हतं. इतकी वर्षं बाबांनी ते मनात धरून ठेवलं होतं.

म्हणून सांगतो, त्या कॉमेंट काढा. मोबाईल तिच्याही हातात असतो. तिनं वाचल्यात. मघाशी मी तिच्या घरी जाऊन आलो. पोरगी दारात दोरीवरच्या उड्या मारत होती, वजन ४६ च्या आत ठेवायचं म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा मोजून पितेय. ट्रॅकसूटचं जाकीट उलटं करून घातलं होतं. आतली बाजू बाहेर. आईनं विचारलं तर म्हणाली, उकडतंय म्हणून. उकडतंय तर जाकीट कशाला घालेल? ज्यांनी लिहिलं त्यांनी एकदा ते उलटं जाकीट बघून यावं. मला बघवलं नाही.

उद्या रात्री ती बेंगळूरच्या गाडीनं निघणार, तिथनं संघाबरोबर पुढं. बापाला रात्रपाळी आहे, सुट्टी मिळाली नाही. बायकोनं डिंकाचे लाडू केलेत, वजन झाल्यावर खायला. डबा मी घेतोय. आठ वाजता बेळगाव स्टेशनवर असेन. माझ्या गुडघ्यानं जिना चढून बॅग उचलणं होत नाही, अजून एक माणूस पाहिजे. कोण येतंय?