नदीतला शार्क वाट चुकलेला नसतो

फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरजवळ, वैतरणेच्या पाण्यात शार्कने चावा घेतल्याने एक तरुण गंभीर जखमी झाला. ही बातमी मी ब्रिस्बेनमध्ये वाचली आणि पाठोपाठ मायदेशातील परिचितांचे संदेश येऊ लागले. समुद्रातला मासा वाट चुकून नदीत शिरला असणार, असे काहींचे म्हणणे होते, तर काहींना आता धरणांच्या जलाशयांत उतरणेही धोक्याचे वाटू लागले होते. ही दोन्ही मते मला मान्य नाहीत, कारण मी ज्या शहरात राहते त्याच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत बुल शार्क या जातीच्या शार्कचा वावर नेहमीचाच आहे आणि इथे त्याला कोणी अपघात समजत नाही.

बहुतेक शार्क गोड्या पाण्यात जगू शकत नाहीत, हे खरेच आहे. शार्कच्या रक्तात क्षारांबरोबर युरियाही मोठ्या प्रमाणात साठवलेला असतो, त्यामुळे समुद्राच्या खारट पाण्यात त्याच्या शरीरातले पाणी बाहेर ओढले जात नाही. तोच मासा नदीत आला की सारे उलट होते: कल्ल्यांतून पाणी आत घुसू लागते आणि क्षार बाहेर पडू लागतात. बुल शार्क मात्र हा बदल पेलतो. त्याच्या रक्तातील युरिया कमी होतो, एरवी जादा मीठ बाहेर टाकणारी गुदग्रंथी मंदावते, मूत्रपिंडे भरपूर आणि पातळ मूत्र तयार करू लागतात, आणि नदीच्या पाण्यात जे थोडेफार क्षार असतात ते कल्ले शोषून घेतात. एवढी यंत्रणा ज्याच्या शरीरात तयार आहे, त्याचे नदीत येणे चुकून घडले असे म्हणता येणार नाही. माद्या नदीमुखाजवळ पिले सोडतात आणि पिले नदीत वर सरकून तिथे काही वर्षे काढतात, कारण त्यांना खाऊ शकणारे मोठे शार्क तिथे फारसे पोहोचत नाहीत.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवरातील शार्क ही तिथेच अडकून राहिलेली वेगळी जात आहे, असे अनेक दशके मानले जात होते. 1961 मध्ये ती जात बुल शार्कच असल्याचे मान्य झाले आणि पुढे थॉमस थॉर्सन या संशोधकाने शार्कना खुणेचे बिल्ले लावून ते सान हुआन नदीतून समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये ये-जा करतात हे दाखवून दिले. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला कार्ब्रुक येथील गोल्फ मैदानाच्या तळ्यात 1990च्या दशकातील पुरांबरोबर आलेले काही बुल शार्क पाणी ओसरल्यावर अडकले आणि तिथे सुमारे सतरा वर्षे जगले. म्हणजे कोंडलेल्या तळ्यातही हा मासा दीर्घकाळ तग धरतो. पण तिथवर त्याला नदीच्या पुरानेच आणले होते. उंच धरणाची भिंत त्याला ओलांडता येत नाही, म्हणून जलाशयांबद्दलची भीती मला निराधार वाटते. खाडीत आणि भरतीचे पाणी पोहोचते तिथवरच्या नदीत मात्र सावधगिरी हवीच. इथे लोकांना पहाटे, संध्याकाळी आणि गढूळ पाण्यात पोहू नका असे सांगितले जाते, आणि हा साधा सल्ला आपल्या खाड्यांच्या काठीही तितकाच लागू पडतो.

ऑस्ट्रेलियाचे सारेच अनुकरणीय आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडमध्ये 1962 पासून किनाऱ्यावर जाळी आणि आमिषाचे गळ लावून शार्क मारले जातात, आणि त्यात बुल शार्कही सापडतात. धोक्याची जाणीव असणे आणि त्या प्राण्याला जगू देणे या दोन्ही गोष्टी इथेही अजून एकत्र नांदत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती गंगा शार्कची. 1839 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला हा मासा नदीशी बुल शार्कपेक्षाही घट्ट बांधलेला आहे. तो आज अतिसंकटग्रस्त असून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तरी बुल शार्कने केलेले हल्ले त्याच्या नावावर खपवले गेले. 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरलेल्या मासळीत त्याची एक मादी आढळली, आणि ती ओळखली गेली ती कोणीतरी ढिगातला प्रत्येक शार्क निरखून पाहत होते म्हणून. वैतरणेसारख्या घटनेनंतर शार्क नदीत राहू शकतो का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो नेमका कोणत्या जातीचा होता, पिल्लू होता की गाभण मादी, आणि त्या दिवशी तिथले पाणी किती खारे होते, याची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाने करून ती लोकांपुढे ठेवावी, असे मला मनापासून वाटते. या नोंदी खाडीत जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांच्या मदतीशिवाय होणार नाहीत, कारण कोणत्या महिन्यात मुशीची, म्हणजे शार्कची, पिले जाळ्यात येतात हे आधी त्यांनाच कळते.