जमीन स्वस्त का आहे, तेही लिहा

तुमच्या लेखात म्हटलंय की पेरू देशात, ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या इकितोस शहराच्या आसपास नदीकाठची जमीन मातीमोल भावात मिळते, आत्ताच घेऊन ठेवा. हे वाचून राहवलं नाही. अहो, ती स्वस्त का आहे ते तरी सांगायचं! तिथे वर्षभरात नदीची पातळी सुमारे 10 मीटर वरखाली होते. मी ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका गावात आठवडाभर राहिलो. घरं खांबांवर, आणि खांबांवर माझ्या डोक्याच्याही वर वाळलेल्या चिखलाची रेघ. घरमालकिणीने जिन्याच्या वरच्या पायरीकडे बोट दाखवलं, म्हणाली, मे महिन्यात होडी इथे बांधतो. शिवाय नदी पात्रही बदलते. खुद्द इकितोस शहरासमोरून ॲमेझॉनचा मुख्य प्रवाह लांब सरकलाय. काठच ढासळला तर जमिनीचा कागद घेऊन कुणाकडे जाणार? पैसे घालायचेच असतील तर आधी एक पूर्ण वर्ष तिथे काढा.

पेरूच्या राज्यघटनेतल्या कलम 71 चा तर उल्लेखच नाही. सरहद्दीपासून 50 किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, सरकारने खास हुकूम काढला तरच. ब्राझील, कोलंबियाच्या सीमेलगतची गावं सुचवताना हे सांगायलाच हवं होतं.

लाँचच्या वेळेवर विसंबू नका, हा लेखातला सल्ला मात्र अगदी खरा. आमची लाँच वाळूत रुतली, तेव्हा खलाशी रात्रभर लांब काठीने पाणी मोजत होते आणि आम्ही टांगलेल्या झोळ्यांत पडून ऐकत होतो.