पहिला मुद्दा

आमच्या फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेखाली, या क्षणी कालच्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डोकी आहेत. आज सोमवार, घरात शिवराक, म्हणजे शाकाहार. बायको सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही, आणि याला जबाबदार दुसऱ्या मजल्यावरचे भाई.

झालं इतकंच. पणजीत रस्त्यावरच्या कचराकुंड्या केव्हाच गेल्या. गाडी दारात येते, आणि ती येते त्या दोन मिनिटांत आपण फाटकाशी हजर असावं लागतं. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक चालत नाही म्हणून सगळा ऐवज मी पेपरात बांधून नेला होता. पेपर भिजत चालला होता. उजव्या पायाच्या अंगठ्यावर ठरावीक वेळाने एकेक थेंब पडत होता. सोमवारचा अभिषेकच.

तेवढ्यात भाई आले. भाई सरकारी खात्यातून निवृत्त झालेत. कुठल्या, ते चौदा वर्षांत कळलेलं नाही. पण दुधवाल्याच्या वहीतसुद्धा सहीखाली तारीख घालतात. त्यांनी वाकून माझ्या पुडक्याकडे पाहिलं. मला वाटलं, वासावरून बोलणार. ते वाचत होते.

“‘शहर सुधारण्यासाठी महापौरांचे प्राधान्य...’ पुढे काय आहे? फिरवा बघू.”

“भाई, आत सुंगटं आहेत.”

“असू देत हो. फिरवा.”

मी फिरवलं. पुढच्या ओळीतून एका सुंगटाची मिशी बाहेर आली होती.

“गेलं! नेमकं महत्त्वाचं तेच गेलं,” भाई हळहळले. “बरं, काय असायला हवं ते मी सांगतो. पहिला मुद्दा, पार्किंग. राममनोहर लोहियांनी 18 जून 1946 ला मडगावात पोर्तुगिजांची सभाबंदी मोडली. आपण काय केलं? त्या तारखेचं नाव इथे पणजीत रस्त्याला दिलं आणि रोज तिथे नो पार्किंग मोडतो.”

मी हसलो. इथेच चुकलो. हसलेला माणूस भाईंच्या हिशेबी श्रोता ठरतो.

“पहिला मुद्दा, पाणी.”

“पहिला पार्किंग होता ना?”

“तो पहिला आहेच. हाही पहिला. जोराचा पाऊस आणि मांडवीची भरती एका वेळी आली की गटारातलं पाणी जाणार कुठे? नदीच आत यायला बघते! आता पहिला मुद्दा, फुटपाथ...”

भाईंनी सुरुवातीला करंगळी दुमडली होती. फुटपाथ झाले, मांडवीतले कॅसिनो झाले, तरी दुमडलेली ती एक करंगळीच. मग भटकी कुत्री आली. आधी मुद्दा म्हणून, नंतर प्रत्यक्ष. त्यांतलं एक माझा अंगठा चाटू लागलं.

खरं सांगायचं तर भाईंचं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि चीड त्याचीच येते. अख्ख्या गोव्यात महानगरपालिका एक. बाकी तेरा शहरांत नगराध्यक्ष. या एकुलत्या महापौराला तीस नगरसेवक निवडतात, तेही एका वर्षासाठी. सत्काराच्या शालींच्या घड्या होईपर्यंत वर्ष संपतं. कारभार बघायला सरकारने नेमलेले आयुक्त. 2016 साली स्मार्ट सिटीच्या यादीत नाव लागलं, तर त्या कामांसाठी आणखी वेगळी कंपनी. तक्रार घेऊन निघालेल्या माणसाने आधी खड्डा कुणाचा ते शोधायचं. खड्डा स्वतः लगेच सापडतो, विशेषतः रात्री, स्कूटरवर. माझा गुडघा अजून दुखतो. पण ते राहू दे.

गाडीचा आवाज आला. मी पाऊल उचललं, तर भाईंनी माझं कोपर धरलं.

“थांबा, पहिला मुद्दा तर राहिलाच! कचरा.”

“भाई, गाडी...”

“तेच म्हणतोय मी! गाडी बिचारी दारात येते आणि लोकांना वेळेचं भान नाही. महापौरांनी काय घरात घुसून कचरा काढायचा?”

“भाई, सोडा हात!”

सोडला. तोवर गाडी वळणावर पोचली होती. पुडकं छातीशी धरून, मागे कुत्री घेऊन मी धावलो. गाडीवरच्या पोराने माझ्याकडे बघून हात हलवला, “फाल्यां!” म्हणजे उद्या. आणि गाडी गेली. मागे वळलो तर भाई मान हलवत होते. माझ्याकडे बघून.

मग फ्रीझर. दुसरं काय करणार? दुपारी खोबरं काढायला बायकोने दार उघडलं. पुढचं लिहीत नाही.

संध्याकाळी भाई पुन्हा आले, महापौरांना द्यायचं निवेदन घेऊन. सुबक टाइप केलेलं, खाली सह्यांसाठी रेघा. मुद्दा पहिला: कचरा गाडीत वेळेवर न टाकणाऱ्या रहिवाशांना दंड करावा. पुढे कंसात उदाहरण म्हणून आमचा फ्लॅट नंबर.

“इथे सही करा,” भाई म्हणाले. “आणि खाली तारीख.”