लक्षद्वीप ‘वाचवल्या’ची गोष्ट आणि तिला उत्तर

दर ऑगस्टमध्ये आणि पुन्हा पटेल जयंतीच्या सुमाराला ही गोष्ट फिरायला लागते. या वेळी ती मला माझ्या मामांनी पाठवली, खाली ‘प्रत्येकाने वाचावी अशी’ असं लिहून. म्हणून उत्तर लिहायला बसले.

गोष्ट थोडक्यात अशी. फाळणी झाली तेव्हा लक्षद्वीपवर जवळजवळ सगळे मुसलमान, म्हणून पाकिस्तानने बेटं घ्यायला युद्धनौका पाठवली. सरदार पटेलांना सुगावा लागला. त्यांनी ‘त्रावणकोरचे कलेक्टर’ असलेल्या मुदलियार बंधूंना निरोप धाडला की मिळतील ती माणसं घेऊन निघा. ही मंडळी काठ्या-कोयते घेऊन होड्यांतून बेटावर पोचली आणि तिरंगा लावला. अर्ध्या तासाने पाकिस्तानी जहाज आलं, झेंडा बघून परत फिरलं. शेवटची ओळ : ‘नाहीतर आज तिथे जायला व्हिसा लागला असता. आताही परमिट लागतंच, यावरून काय ते समजा.’

पटेलांनी साडेपाचशेच्या आसपास संस्थानं भारतात आणली. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर न घडलेली कामं चढवलेली मला सहन होत नाहीत.

पहिला मुद्दा, बेटं ‘घेण्याचा’. लक्षद्वीप हे संस्थान नव्हतं. तिथे राजा नव्हता, सामीलनाम्यावर सही करायचा प्रश्नच नव्हता. अमिनदिवी गटातली बेटं दक्षिण कॅनरा जिल्ह्यात, म्हणजे मंगळूरच्या कारभाराखाली होती. लखदीव आणि मिनिकॉय मलबार जिल्ह्यात, म्हणजे कोळिकोडखाली. दोन्ही जिल्हे मद्रास इलाख्यातले. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने पाकिस्तानात कोणते प्रांत जाणार ते नावानिशी ठरवलं : पूर्व बंगाल, पश्चिम पंजाब, सिंध, बलुचिस्तान, आणि सार्वमतानंतर वायव्य सरहद्द प्रांत व सिल्हेट. बाकीचा ब्रिटिश प्रदेश भारताचा. त्यामुळे १५ ऑगस्टची पहाट झाली तेव्हा ही बेटं कायद्याने भारतात होतीच, जशी रत्नागिरी होती.

‘मुसलमान बहुसंख्य म्हणून पाकिस्तानचा हक्क’ हा नियमही नव्हता. सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफ आयोगांचं काम पंजाब आणि बंगालपुरतं होतं, सिल्हेट धरून. तिथेसुद्धा मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात राहिला आणि हिंदुबहुल खुलना पाकिस्तानात गेला.

दुसरा मुद्दा मुदलियार बंधूंचा. आर्काट रामस्वामी आणि आर्काट लक्ष्मणस्वामी हे जुळे भाऊ खरे, आणि दोघेही फार मोठी माणसं. पण १९४७ मध्ये रामस्वामी म्हैसूरचे दिवाण होते, आणि म्हैसूर संस्थानाला समुद्रकिनाराच नव्हता. लक्ष्मणस्वामी डॉक्टर होते आणि १९४२ पासून मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू. त्रावणकोर हे संस्थान होतं, तिथला कारभार दिवाण पाहत, आणि ते दिवाण होते सी. पी. रामस्वामी अय्यर. ‘रामस्वामी’ या नावावरून कुणाचा घोटाळा झाला असेल तर तो समजू शकतो. पण याच अय्यरांनी जून १९४७ मध्ये त्रावणकोर स्वतंत्र राहील असं जाहीर केलं होतं आणि जुलैअखेरीस माघार घेतली. म्हणजे त्या उन्हाळ्यात दिल्लीला काळजी होती ती त्रावणकोरची. आणि बेटांवर माणूस धाडायचाच असता तर तो मलबारच्या किंवा दक्षिण कॅनराच्या कलेक्टरने धाडला असता. बेटं त्यांच्याच जिल्ह्यांत होती.

तिसरा मुद्दा आमच्या कोकणातला कुणीही सांगेल. पंधरा ऑगस्टच्या आसपास होड्या घेऊन निघाले, म्हणे. कुठल्या समुद्रात? आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोळी होडी पाण्यात घालत नाही. १९४७ साली अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा आली ३१ ऑगस्टला. बेटं केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर आत. पावसाळ्यात बेटवासी आपली ओडमं, म्हणजे शिडाची गलबतं, किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि मुख्य भूमीशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटे. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर वाढलेली माणसं ज्या हवेत निघत नाहीत, तिथे काठ्या घेतलेले गावकरी वेळेवर पोचले? कराचीहून लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती सरळ रेषेत सतराशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढं अंतर कापून आलेली युद्धनौका एक झेंडा दिसला म्हणून शब्द न बोलता वळली, हेही पटत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. या गोष्टीत पटेल आहेत, मुदलियार आहेत, पाकिस्तानी कप्तान आहे. बेटावर राहणारा एकही माणूस नाही. जणू किनाऱ्यावर माडच तेवढे होते, आणि जो आधी पोचेल त्याचं बेट.

खरं तर ही माणसं गप्प बसणारी कधीच नव्हती. इंग्रजांच्या आधी बेटं कन्नूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात होती, आणि ते घराणं मुसलमानच. बेटावर भात जवळजवळ पिकत नाही. माड आणि मासळी हीच मिळकत. बायकांनी नारळाची सोडणं कुजवून, कुटून वळलेला काथ्या अरक्कलच्या माणसांनाच द्यायचा, त्यांनी ठरवलेल्या भावाने, आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. या मक्तेदारीला कंटाळून १७८७ मध्ये अमिनदिवीचे लोक अरक्कलची सत्ता झुगारून टिपूकडे गेले. धर्म एक असूनही त्यांनी राज्यकर्ता नाकारला, कारण पोटाचा प्रश्न होता. टिपू पडल्यावर १७९९ मध्ये ती बेटं कंपनीकडे आली, उरलेली पुढे १९०८ पर्यंत पूर्णपणे इंग्रजांकडे गेली. राज्यकर्ते बदलले, पण तांदूळ मंगळूर-कन्नूर-कोळिकोडहूनच येत राहिला आणि काथ्या तिकडेच जात राहिला. बहुतेक बेटांवरची जेसरी बोली मलयाळमची. फक्त मिनिकॉयची महल मालदीवच्या भाषेची बहीण. कराचीशी ना भाषेचं नातं, ना तांदळाचं, ना सोयरिकीचं.

‘कट्टर’ म्हणून ज्यांना रंगवतात त्यांच्या घरातही डोकवावं. इस्लाम इथे शतकानुशतकांचा, आणि तरी मरुमक्कत्तायमची, म्हणजे आईकडून वारसा चालण्याची रीत टिकली. तरवाडाची, म्हणजे आईकडच्या एकत्र कुटुंबाची, मालमत्ता बहिणींच्या वंशात राहते. रिवाजाप्रमाणे नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मिनिकॉयला प्रत्येक गावाचा जसा बोडुकाका, म्हणजे मुखिया, असतो तशी बायकांची बोडुदाताही असते. पुरुष वर्षातले कितीतरी महिने व्यापारी जहाजांवर असतात, गाव बायका चालवतात.

आता परमिट. ते बेटवाल्यांनी लावलेलं नाही. १९६७ च्या नियमांनी ते लावलं, आणि ते भारत सरकारचे नियम आहेत. ज्यांचे आईवडील दोघेही बेटांवर जन्मले अशा मूळ रहिवाशांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. त्यांच्या जमिनी टिकाव्यात यासाठी ही वेस. नागालँड, मिझोराम, अरुणाचलला जातानाही परवाना लागतो, पण तिथे कुणी व्हिसाची उपमा देत नाही. शिवाय जागा किती? सगळी बेटं मिळून ३२ चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाहीत. वस्ती दहा बेटांवर, २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ माणसं. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. दारूबंदीवरूनही शरियाची हाकाटी होते. वर्धा आणि गडचिरोलीतही दारूबंदी आहे.

राहिला निष्ठेचा प्रश्न, जो या गोष्टीच्या तळाशी आहे. १९६७ पर्यंत लक्षद्वीपचा खासदार नेमलेला असे. त्या वर्षी बेटांना पहिल्यांदा स्वतः निवडायला मिळालं आणि त्यांनी आंद्रोत बेटाचे पी. एम. सईद निवडले, वय विशीतलं, अपक्ष. ती निवडणूक धरून सलग दहा वेळा तेच निवडून आले, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. मग २००४ मध्ये त्याच बेटांनी त्यांना पाडलं. ७१ मतांनी. बोटींतून मतदान यंत्रं जातात त्या या दहा बेटांवर आजही ऐंशी टक्क्यांहून जास्त मतदान होतं.

मामा, तुमच्या मतदारसंघात मागच्या वेळी किती झालं होतं, ते बघून मला कळवा.