‘१० यार्ड मागे राहा, मग काहीही मारा’: या सल्ल्यात काय चुकतं

स्टीलच्या टार्गेटवर नेमबाजी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फॉरवर्ड होत असतो. त्याचा आशय असा: गोळीच्या ठिकऱ्या उलट अंगावर येऊ नयेत म्हणून प्लेटपासून १० यार्डांवर उभं राहिलं की काम झालं, लोखंड जाड असलं की कुठलंही चालतं, प्लेट कशीही टांगा, लहान बोअरला (बारीक नळीच्या हत्याराला) तर एवढ्या अंतराचीही गरज नाही, आणि शंका आलीच तर आणखी मागे सरका. १० यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, हा आकडा खोटा नाही. तो कशासाठी आहे, तेवढंच नेमकं गाळलंय.

‘१० यार्ड पुरेत, हत्यार कोणतंही असो.’ हा आकडा पिस्तुलाचा आहे. ९ मिलिमीटरची गोळी साधारण ३५० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. चांगल्या प्लेटवर ती चपटी होऊन फुटते. ०.२२३ रायफलची ५५ ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) गोळी नळीतून सुमारे ९८० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते आणि ९ मीटरवर तो वेग जवळपास तसाच असतो. एआर५०० दर्जाचं कठीण स्टीलही साधारण ९०० च्या पुढे मार खातं आणि त्यात खळगा पडतो. १०० यार्डांवर हाच वेग ८४० च्या आसपास उतरतो, म्हणून रायफलला १०० यार्ड सांगतात. स्टीलचा गाभा असलेली गोळी मात्र तिथूनही प्लेट खराब करते. ती स्टीलवर मारूच नये. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पिस्तूल स्पर्धांत किमान अंतर ७ मीटर आहे, हा दाखला हमखास दिला जातो. पण ती किमान मर्यादा आहे, आणि तीही तपासलेल्या प्लेट आणि हजर असलेले अधिकारी गृहीत धरून.

‘लोखंड जाड असलं की पुरे.’ सगळ्या सल्ल्यात सर्वात घातक वाक्य हेच. प्रश्न जाडीचा नाही, पृष्ठभागाचा आहे. साध्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) प्लेटची कठीणता ब्रिनेल मापावर १२०-१४० च्या आसपास, एआर५०० ची ५०० च्या घरात. कठीण आणि सपाट पृष्ठभागावर शिसं आणि तांब्याचं कवच प्लेटला लगटून बाजूंना उडतं, प्लेटच्या पातळीपासून साधारण २० अंशांच्या आत. एमएस मऊ असल्याने तिच्यावर खळगा पडतो, आणि पुढची गोळी त्यात बसली की ठिकऱ्या खळग्याच्या भिंतीवरून वळून थेट नेमबाजाकडे येतात. नळाच्या धारेखाली चमचा धरल्यावर पाणी अंगावर येतं, तसंच. अशा प्लेटसमोर ९ मीटरच काय, १५ मीटरचाही भरवसा नाही.

म्हणून सत्राआधी फायरिंग पूर्ण थांबवून, हातमोजे घालून प्लेट तपासावी. स्टीलची सरळ पट्टी आडवी-उभी लावून खाली फट दिसते का ते पाहावं. खळगा किंवा तडा दिसला की प्लेट बाद. खळगा वेल्डिंगने भरून घासून सपाट करणं हा इलाज नव्हे: उष्णतेने आजूबाजूचं स्टील मऊ पडतं आणि पुढचा खळगा तिथेच पडतो. रायफलने टोचलेली जुनी प्लेट पिस्तुलासाठी जवळ आणून लावणं, ही काटकसर तर मुळीच नको.

‘प्लेट कशीही टांगा.’ वरची कड नेमबाजाकडे झुकलेली हवी, १५ ते २० अंश. मग बहुतेक ठिकऱ्या जमिनीकडे जातात. दोन साखळ्यांवर टांगताना साखळी प्लेटच्या मागच्या बाजूने घ्यावी, बोल्टवर स्पेसर (अंतर राखणारी नळी) घालून. वजन आधाराच्या पुढे राहिल्याने खालची कड मागे जाते आणि तोंड आपोआप खाली झुकतं. भोकं प्लेटच्या मध्यबिंदूपासून १२ सेंटीमीटर वर आणि साखळी प्लेटच्या जाडीच्या मध्यापासून ३ सेंटीमीटर मागे असेल तर सुमारे १४ अंश मिळतात. स्पेसर थोडा वाढवला की १५. साखळी पुढून लावली तर तोंड वर होतं, म्हणजे नेमका उलटा परिणाम. बोल्टचं डोकं गोल आणि बसकं असावं. समोर माती किंवा वाळू हवी; खडी आणि काँक्रीट नको.

‘लहान बोअरला अंतर लागत नाही.’ ०.२२ च्या गोळीचं शिसंही डोळ्याला पुरेसं आहे. १० यार्ड तिलाही लागू. एअरगनचे स्टीलचे छर्रे तर फुटतच नाहीत, जवळपास अख्खे परत येतात. ते स्टीलवर कुठल्याच अंतरावरून मारू नयेत.

‘शंका आली तर मागे सरका.’ बहुतेक वेळा बरोबर, पण हा रामबाण नाही. आदळताना वेग २३० मीटर प्रति सेकंदाच्या खाली असेल तर गोळी नीट फुटत नाही आणि मोठा तुकडा उसळून येऊ शकतो. कमी दारूची काडतुसं किंवा फार लांबून मारलेली पिस्तुलाची गोळी इथे अडचणीची ठरते. शिवाय मागे सरकतो तो नेमबाज; ठिकऱ्यांचा पंखा पसरतो बाजूंना. प्लेटच्या रेषेत, शेजारच्या लेनमध्ये पुढे कुणी उभं असेल तर त्याचा धोका तुमच्या मागे सरकण्याने तसूभरही कमी होत नाही. बाजूंनीही डोळे झाकणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा म्हणूनच रेंजवरच्या प्रत्येकाला हवा, स्कोअर लिहिणाऱ्यालासुद्धा.