‘अपडेट थांबलं म्हणजे राऊटर पक्का झाला’ म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात मालवणजवळच्या देवबागहून काकीचा फोन. "आता तो राऊटर बदलूचो नाय हां. ग्रुपार मेसेज इलो, जुनोच बरो." दोन महिने तिच्या मागे लागून मी तिला नवा घ्यायला तयार केलं होतं. एका फॉरवर्डने सगळं पाण्यात.

मेसेज थोडक्यात असा: जुना राऊटर अपडेट करू नका, कंपन्या मुद्दाम स्पीड पाडतात. अपडेट यायचं बंद झालं म्हणजे त्यातल्या चुका संपल्या, तो पक्का झाला. वायफायला कठीण पासवर्ड ठेवा, रोज रात्री बंद करा, व्हायरस आपोआप जातो. हॅकर जुन्या राऊटरच्या वाटेला जात नाहीत. आणि सामान्य माणसाच्या घरात त्यांना मिळणार काय?

‘पक्का झाला’ हे वाचून माझं डोकंच फिरलं. अपडेट थांबतं ते कंपनीने त्या मॉडेलवरचं काम सोडलं म्हणून. चुका तशाच राहतात, नव्या सापडत राहतात, फक्त बुजवायला कोणी उरत नाही. होडीची डागडुजी बंद केली म्हणून ती गळायची थांबली, असं देवबागात कोणी म्हणेल का?

७ मे २०२५ ला अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने नेमका याच जुन्या राऊटरांबद्दल जाहीर इशारा दिला. लिंक्सिस कंपनीच्या ई१२००, ई२५००, डब्ल्यूआरटी३१०एन अशा मॉडेलांची यादीच त्यात आहे. त्यांत शिरणारं ‘द मून’ हे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, पहिल्यांदा सापडलं २०१४ मध्ये. म्हणजे अकरा वर्षांनंतरही ते चालू आहे, कारण तसले राऊटर अजून लोकांच्या घरात चालू आहेत. हॅकर जुन्यांच्या वाटेला जात नाहीत म्हणे! ते जुनेच शोधत फिरतात.

पासवर्डचा मुद्दाही तिथेच निकालात निघतो. या मालवेअरला पासवर्ड लागतच नाही, असं त्याच इशाऱ्यात लिहिलंय. ते इंटरनेटवरून उघडे पोर्ट, म्हणजे राऊटरची उघडी राहिलेली दारं, धुंडाळतं आणि कच्च्या जागी थेट हुकूम पाठवतं. वायफायचा पासवर्ड शेजाऱ्याला अडवतो, इंटरनेटच्या बाजूने येणाऱ्याला नाही. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड आणखी वेगळा. काकीच्या पडवीतल्या फळीवरचा राऊटर मी उलटा करून पाहिला होता. खाऱ्या हवेने स्टिकर पिवळा पडलाय, पण ‘ॲडमिन, ॲडमिन’ अजून स्पष्ट वाचता येतं. तेच टाकलं, सेटिंगचं पान उघडलं. आत फर्मवेअरची, म्हणजे राऊटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, तारीख २०१५.

"आमच्या घरात चोरूक हा काय?" हे काकीचंही म्हणणं. काकी, चोरायला तुझा इंटरनेटचा पत्ता आहे. अशाच जुन्या राऊटरांच्या एफबीआयने उघड केलेल्या एका प्रकरणात ‘एनीप्रॉक्सी’ आणि ‘फाइव्हसॉक्स’ नावाच्या दोन साइट असेच लोकांच्या घरचे राऊटर भाड्याने देत होत्या, महिन्याला ९.९५ ते ११० डॉलर. अमेरिकेच्या न्याय विभागाने आरोपपत्रात त्यांची कमाई ४ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त सांगितली आहे. ज्यांचे राऊटर होते त्यांना कल्पनाही नव्हती. भाड्याने घेणारा कुठेही बसून फसवणूक करतो आणि माग काढत गेलं की समोर येतं ते तुमचं कनेक्शन. काकी घरातच होमस्टे चालवते, तिथल्या इंटरनेटचं बिल तिच्याच नावावर आहे. चौकशीला कोणी आलं तर दार तिनेच उघडायचं, आणि उत्तर द्यायला तिच्याकडे काही नसणार. शिवाय तिच्या तीन खोल्यांतले पाहुणे त्याच वायफायवरून पैसे पाठवतात, त्यांचं काय?

रात्री बंद करण्याच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ मालवेअर ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत सापडलं, तेव्हा एफबीआयनेच लोकांना राऊटर रीस्टार्ट करायला सांगितलं होतं. काही मालवेअर फक्त मेमरीत राहतं, ते वीज गेली की जातं. पण व्हीपीएनफिल्टरचा पहिला भाग रीस्टार्टनंतरही टिकून राहायचा. आणि जे जातं तेही परत येतं, कारण भोक तसंच असतं. विजा कडाडताना प्लग काढायची आपल्याकडची सवय मात्र चांगली, ती सोडू नका. जुनी तांब्याची टेलिफोन लाइन असेल तर तीही काढा.

स्पीड पाडण्याच्या आरोपाला मेसेजमध्ये पुरावा एकही नाही. एवढं खरं की अपडेट चालू असताना लाइट गेली तर राऊटर कायमचा बंद पडू शकतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. तेव्हा इन्व्हर्टरवर लावून करा.

मॉडेल आणि त्याचं व्हर्जन स्टिकरवर असतं. कंपनीच्या साइटवर शोधा. अपडेट असेल तर टाका, ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून इंटरनेटवरून सेटिंग बदलायची सोय) बंद करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला. कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणंच थांबवलं असेल तर राऊटर बदला, दुसरा इलाज नाही. इंटरनेट कंपनीनेच डबा दिला असेल तर नवा त्यांच्याकडे मागा.

काकी, रविवारी नवा घेऊन येतोय. तोवर पाहुण्यांना वायफाय देऊ नकोस.