‘कास्ट’ पोर्तुगीज आहे, जात नाही

“कास्ट हा पोर्तुगीज शब्द आहे. आपल्याकडे जात नव्हतीच. जात म्हणजे नुसता धंदा, तो कुणालाही बदलता येत होता. वर्ण गुणांवर ठरत. उच्चनीच इंग्रजांनी जनगणनेतून पेरलं.” हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. आजवर मी सोडून देत आले. पण परवा माझ्या नववीतल्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी तो जसाच्या तसा वहीत उतरवलेला पाहिला, आणि आता गप्प बसवत नाही.

शब्दाचं आधी उरकते. ‘कास्ट’ पोर्तुगीज ‘कास्टा’वरून आला, हे खरं. पण परक्याने त्याच्या भाषेत नाव दिलं म्हणून वस्तूही त्यानेच आणली, हे कुठलं तर्कशास्त्र? वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. चोखोबा चौदाव्या शतकात ‘हीन याती माझी देवा’ म्हणतात. ही याती म्हणजे जातच. त्याच्याही आधी, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, फाहियान हा चिनी प्रवासी लिहून गेलाय की चांडाळ वस्तीपासून वेगळे राहतात, आणि शहरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवत येतात, म्हणजे लोकांना ओळखून बाजूला होता यावं. तेव्हा कुठले इंग्रज होते?

जनगणनेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. 1901 च्या जनगणनेत इंग्रज जनगणना आयुक्त रिस्लेने जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायला घेतली. जिथे सीमा थोड्या सैल होत्या, तिथे त्या कागदावर पक्क्या झाल्या. पण पुढे काय झालं? आमची जात वरच्या पायरीवर नोंदवा, असे अर्ज ठिकठिकाणाहून गेले. वर कोण आणि खाली कोण हे आधीच ठाऊक असल्याशिवाय असा अर्ज कुणी कशाला करेल?

आता तो धंद्याचा मुद्दा. खरा राग याचाच येतो, कारण यात माणसांनी भोगलेलं सगळं एका वाक्यात पुसून टाकलंय. म्हणे, धंदा बदलता येत होता. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा, 96 वा श्लोक. ‘यो लोभादधमो जात्या जीवेदुत्कृष्टकर्मभिः’: जातीने खालचा असलेला जो कुणी लोभापायी वरच्यांच्या कामावर जगेल, त्याचं राजाने सगळं धन काढून घ्यावं आणि त्याला ताबडतोब हद्दपार करावं. ‘जात्या’ हा शब्दच तिथे आहे, आणि धंदा बदलण्याची शिक्षाही. हा ग्रंथ पोर्तुगीज येण्याच्या हजाराहून अधिक वर्षं आधीचा. प्रत्येक राजाने हे तंतोतंत पाळलं असं मी म्हणत नाही. व्यवहारात लोक इकडेतिकडे सरकलेही असतील. पण आदर्श म्हणून काय सांगितलं जात होतं, ते तरी लपवू नका.

आणि व्यवहार पाहायचा तर चोखोबाच पाहा. नामदेवांच्या मेळ्यातला संत, ज्याचे अभंग वारकरी आजही म्हणतात. संतपण आलं म्हणून वाट्याचं काम सुटलं? परंपरा सांगते की 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, पण महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. त्यांच्या जातभाईंना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. मधली सहाशे वर्षं नुसता ‘धंदा’ दाराबाहेर उभा होता का?

राहिलं ‘वर्ण गुणांवर ठरत’. गीतेत गुणकर्म हा शब्द आहे, नाकारत नाही. पण लग्नं कुणाशी होत होती ते विचारा. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मूळ लक्षण, असं आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडलं. 2013 मध्ये हैदराबादची जीवशास्त्र संशोधन संस्था सीसीएमबी आणि हार्वर्ड इथल्या संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की इथल्या समूहांमधली मोठी सरमिसळ सुमारे 1900 वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती आणि त्यानंतर लोक आपापल्या गटातच लग्नं करू लागले.